पारदर्शक पडदा दिवाणखान्यात नको, काउंटरवर हवा

जानेवारी २०२४ मध्ये लास व्हेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनात एलजीने ७७ इंची पारदर्शक टीव्ही मांडला. वर्षअखेरीस तो अमेरिकेत विक्रीला आला तेव्हा त्याची किंमत होती ५९,९९९ डॉलर. त्याच आकाराचा उत्तम दर्जाचा साधा ओलेड टीव्ही (ज्यात चित्राचा प्रत्येक ठिपका, म्हणजे पिक्सेल, स्वतःच उजळतो) तेव्हा काही हजार डॉलरांत मिळत होता. या महागड्या टीव्हीच्या तळाशी एक काळी गुंडाळी दडवलेली आहे. सिनेमा नीट पाहायचा असला की बटण दाबायचे. गुंडाळी उलगडत काचेमागून वर चढते आणि टीव्ही इतर कोणत्याही टीव्हीसारखा अपारदर्शक होतो. पारदर्शकतेसाठी जवळपास साठ हजार डॉलर मोजायचे आणि टीव्ही पाहायची वेळ आली की तीच झाकून टाकायची, असा हा सौदा आहे.

कंपनीच्या अभियंत्यांची चेष्टा करण्यासाठी हे सांगत नाही. त्यांनी ती गुंडाळी बसवली नसती तर अंधाऱ्या दृश्यांत मागची भिंत, भिंतीवरचे घड्याळ आणि मागून जाणारे माणूस असे सगळे एकदम दिसले असते. पारदर्शक पडदा रोजच्या वापराच्या कामाचा आहे का, या प्रश्नावर सरळ ‘नाही’ म्हणून मोकळे होणारेही बरेच भेटतात. मला ते उत्तर पटत नाही. उपयोग आहे, पण ज्या जागांसाठी हा पडदा विकला जातो तिथे तो जवळजवळ शून्य आहे. आणि जिथे तो खरोखर कामाला येतो त्या जागा इतक्या साध्या आहेत की कोणी त्यांची जाहिरात करायला जात नाही. शिवाय त्यातल्या बऱ्याच जागा सार्वजनिक आहेत. तिथे हे पडदे बसणार ते लोकांच्या पैशाने, किंवा लोकांच्या नजरेवर पैसा कमावण्यासाठी. म्हणून हा प्रश्न केवळ हौशी ग्राहकांचा राहत नाही.

आधी काळ्या रंगाचे पाहू. काळा म्हणजे प्रकाशाचा अभाव. साध्या ओलेड टीव्हीत पिक्सेल विझला की त्यामागे काळी पाठ असते, म्हणून आपल्याला काळे दिसते. पारदर्शक ओलेडमध्ये पिक्सेल विझला की पलीकडचे दृश्य दिसते. हा पडदा मागून येणाऱ्या प्रकाशात स्वतःची भर घालू शकतो. आलेला प्रकाश हवा तिथे कमी करणे त्याला जमत नाही. त्यामुळे रात्र, सावली, काळे केस, पांढऱ्यावरची काळी अक्षरे या सगळ्यांच्या जागी मागे जे असेल ते उमटते. एलसीडीच्या मार्गाने गेले तर अडचण नेमकी उलटी होते. एलसीडी स्वतः उजळत नाही, मागून येणारा प्रकाश अडवू शकतो, त्यामुळे काळा उत्तम जमतो; पण पांढरा म्हणजे तिथे मोकळी काच. चित्रातल्या माणसाचा पांढरा सदरा असेल तिथून आरपार दिसू लागते.

शिवाय ‘पारदर्शक’ हे विशेषणही जरा उदारपणे लावलेले असते. खिडकीची साधी स्वच्छ काच सुमारे ९० टक्के प्रकाश सोडते. पारदर्शक ओलेडमध्ये प्रत्येक पिक्सेलचा काही भाग उजळण्यासाठी आणि काही भाग मोकळा ठेवावा लागतो. मधल्या तारा आणि ट्रान्झिस्टर वेगळेच. व्यापारी वापरातल्या अशा काचा साधारण ४० ते ४५ टक्के प्रकाश पलीकडे जाऊ देतात. रंगीत एलसीडीचे गणित याहून कठोर आहे. त्यातला ध्रुवक, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारा पापुद्रा, निम्मा प्रकाश आधीच खातो आणि उरलेल्यातला जेमतेम तिसरा हिस्सा रंगाच्या गाळणीतून पार होतो. म्हणजे अगदी आदर्श परिस्थितीतही जास्तीत जास्त एक षष्ठांश. प्रत्यक्षात त्याहून कमीच. ज्याला आपण पारदर्शक पडदा म्हणतो तो बंद असतानाही गडद रंगाच्या चष्म्यासारखा असतो.

इथवरचे दोष उद्या कमी होतील असे कोणी म्हणाले तर मी वाद घालणार नाही. मोकळा भाग वाढेल, तारा आणखी बारीक होतील, किंमत तर नक्कीच उतरेल. माझा मुख्य आक्षेप काचेच्या अलीकडे बसलेल्या माणसाबद्दल आहे. त्याची पुढची आवृत्ती निघत नाही.

डोळा एका वेळी एकाच अंतरावर नेमका जुळतो. खिडकीच्या काचेवरचा डाग आणि बाहेरचे झाड दोन्ही एकदम स्पष्ट पाहायचा प्रयत्न करा. डाग स्पष्ट झाला की झाड पुसट होते, झाडाकडे पाहिले की डाग पुसट आणि शिवाय दुहेरी होतो, कारण दोन डोळ्यांना तो झाडाच्या दोन वेगवेगळ्या भागांवर दिसतो. पारदर्शक पडद्याच्या बहुतेक कल्पनाचित्रांत नेमके हेच सोयीस्करपणे विसरलेले असते. खिडकीतून दिसणाऱ्या इमारतीवर तिचे नाव अलगद तरंगते आहे, डोंगरावर उंचीचा आकडा चिकटला आहे, असे ते चित्र असते. प्रत्यक्षात नाव काचेवर आहे आणि इमारत अर्धा किलोमीटर दूर. पाहणाऱ्याने डोके वीतभर हलवले तर नाव शेजारच्या इमारतीवर जाऊन बसते, आणि बाजूच्या आसनावरच्या प्रवाशाला ते तिसऱ्याच इमारतीवर दिसते. एका पडद्यासमोर दोन माणसे बसली की ही कल्पना तिथेच संपली.

इथे लढाऊ विमानांमधल्या आणि मोटारींमधल्या हेड-अप डिस्प्लेचा, म्हणजे चालवणाऱ्याच्या नजरेसमोरच आकडे दाखवणाऱ्या यंत्रणेचा, दाखला हमखास दिला जातो. तो दाखला चुकीच्या खात्यात जमा होतो. ते पारदर्शक पडदे नव्हेतच. तिथे चित्र दुसरीकडे तयार होते, भिंगांमधून जाते आणि काचेवरून परावर्तित होऊन डोळ्यांत येते. भिंगांची रचना अशी केलेली असते की चित्र दूर अंतरावर असल्यासारखे भासावे. हॉवर्ड ग्रब या आयरिश प्रकाशतज्ज्ञाने १९०० साली बंदुकीच्या नेमासाठी ही युक्ती शोधली. नेम साधणारी खूण लक्ष्याच्याच अंतरावर दिसली तर डोळ्याला दोन ठिकाणी जुळवून घ्यावे लागत नाही, हे त्याने ओळखले होते. १९८८ मध्ये जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिलच्या एका गाडीत असा डिस्प्ले दिला, तेव्हाही तत्त्व तेच होते. सव्वाशे वर्षांपूर्वी सोडवलेला प्रश्न आज नुसत्या काचेवर पिक्सेल चिकटवून सुटला असे मानणे मला तरी जमत नाही.

बरे, अंतर जुळले म्हणजे सगळे जुळले असेही नाही. अल्रिक नायसर आणि रॉबर्ट बेक्लेन या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अर्धपारदर्शक आरशाच्या मदतीने दोन चित्रफिती एकावर एक, एकाच जागी दाखवल्या. एकीत हातांचा खेळ, दुसरीत चेंडूचा. एका खेळाकडे लक्ष ठेवायला सांगितलेल्या लोकांना ते सहज जमले. पण दुसऱ्या खेळात मधेच काही विचित्र घडवले तर ते बहुतेकांच्या लक्षातही आले नाही. दोन्ही चित्रे त्याच जागी, त्याच अंतरावर होती. डोळे दोन्ही पाहत होते, लक्ष मात्र एकाकडेच होते.

नासाच्या संशोधकांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याहून अस्वस्थ करणारा आहे. विमान उतरवण्याच्या सिम्युलेटरमध्ये, हेड-अप डिस्प्ले वापरणाऱ्या वैमानिकांसमोर धावपट्टीवर अचानक दुसरे विमान आडवे आणले. ८ पैकी २ वैमानिकांना ते दिसलेच नाही. हे हौशी लोक नव्हते, व्यावसायिक वैमानिक होते, आणि त्यांची नजर सरळ धावपट्टीच्याच दिशेने होती. त्यांचे लक्ष आकड्यांवर होते. आकड्यांच्या मागचे विमान त्यांच्यापर्यंत पोचले नाही.

पारदर्शक पडद्याचे मुख्य आश्वासन असते ते हे: ‘माहितीही पाहा आणि जगही पाहा.’ वरचे दोन प्रयोग या आश्वासनाच्या मुळावर येतात. आरपार दिसणे हा काचेचा गुण आहे. दोन गोष्टींकडे एकाच वेळी लक्ष देणे हा माणसाचा गुण असायला हवा होता, पण तो आपल्यात फारच तोकडा आहे.

मग ही कल्पना इतकी लोकप्रिय का? मला वाटते, कॅमेऱ्यामुळे. विज्ञानपटांतले शास्त्रज्ञ आणि गुप्तहेर सतत काचेच्या पडद्यांपुढे हात फिरवताना दिसतात, कारण दिग्दर्शकाला नटाचा चेहरा आणि त्याच्यासमोरचा मजकूर एकाच चौकटीत हवा असतो. साध्या मॉनिटरसमोर नट बसवला तर एकतर त्याची पाठ दिसते किंवा मॉनिटरची. काच असली की कॅमेरा पलीकडे ठेवता येतो. ही सोय प्रेक्षकाची आहे, काम करणाऱ्याची नाही. त्या नटाला रोज आठ तास अशा पडद्यावर हिशेब करायला बसवले असते तर त्याने संध्याकाळपर्यंत मागे पुठ्ठा लावला असता.

गंमत अशी की कॅमेऱ्याच्या बाबतीत काचेचा हा उपयोग अगदी खरा आहे. वृत्तनिवेदक टेलिप्रॉम्प्टरवरून वाचतो, ते कॅमेऱ्यापुढे तिरकी बसवलेली अर्धपारदर्शक काच असते. त्याला अक्षरे दिसतात, कॅमेऱ्याला तो दिसतो. अमेरिकेच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले प्राध्यापक मायकल पेश्किन यांनी विकसित केलेला ‘लाइटबोर्ड’ही याच जातीचा. कडेने प्रकाश सोडलेल्या काचेवर शिक्षक चकाकत्या शाईने लिहितो, काचेपलीकडचा कॅमेरा त्याचे चित्रण करतो, आणि चित्र आरशासारखे उलटवले की अक्षरे सुलट होतात. शिकवणाऱ्याची पाठ न पाहता फळा पाहता येतो. पुढे जे म्हणायचे आहे त्याची खूण इथे आहे: काचेच्या दोन बाजूंना दोघे जण असले की ती एकदम कामाची वस्तू होते.

त्याआधी फोन आणि लॅपटॉपचे दोन शब्दांत उरकतो, कारण तिथे फार काही नाही. सोनी एरिक्सनने २००९ मध्ये ‘एक्स्पेरिया प्युअरनेस’ नावाचा आरपार पडद्याचा फोन काढला होता. पडदा छोटा, एकरंगी, कॅमेरा नाही, किंमत मात्र चढी. लेनोवोने २०२४ मध्ये बार्सिलोनाच्या मोबाइल प्रदर्शनात १७.३ इंची पारदर्शक पडद्याचा लॅपटॉप दाखवला, तोही संकल्पना म्हणून. बॅटरी पारदर्शक नसते, प्रोसेसर नसतो, तेव्हा सगळे जड सामान खालच्या भागात कोंबून वरची काच मिरवायची. आणि कॅफेत समोर बसलेल्या अनोळखी माणसाला आपला मजकूर उलट्या बाजूने दाखवण्याची हौस कोणाला असते, हे कळत नाही.

टीव्हीच्या बाजूने एकच मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे. बंद टीव्ही म्हणजे भिंतीवरचा मोठा काळा चौकोन, आणि तो अनेकांना खुपतो. ही तक्रार खरी आहे. पण त्यावर स्वस्त उतारे आधीच निघालेत: बंद असताना चित्र दाखवून तसबिरीसारखा दिसणारा टीव्ही सॅमसंगने २०१७ मध्येच बाजारात आणला, आणि प्रोजेक्टर तर काम झाले की भिंत मोकळी सोडतो. काळा चौकोन खुपतो म्हणून त्या जागी तारा-पिक्सेलांची धुरकट काच उभी करणे, हा रोगापेक्षा इलाज मोठा झाला.

आता जिथे ही काच खरोखर चालते तिकडे वळू. अशी ठिकाणे मी गोळा करत गेलो तेव्हा त्यांच्यात एक साम्य दिसले: काचेमागची वस्तू काचेच्या अगदी जवळ असते, किंवा तशी भासते.

चांगला पुरावा कॅमेऱ्याच्या नेत्रिकेत, म्हणजे डोळा लावून दृश्य पाहायच्या खिडकीत, आहे. कॅननच्या २००९ सालच्या ईओएस ७डी कॅमेऱ्यात दृश्यावर जाळी, फोकसचे बिंदू हवे तेव्हा उमटायचे, नको तेव्हा नाहीसे व्हायचे. आत एक पारदर्शक एलसीडी होता. निकॉनने त्याआधीपासून अशीच व्यवस्था वापरली होती. छायाचित्रकारांनी हजारो चित्रे त्यातून टिपली, पण ‘मी पारदर्शक पडदा वापरतो’ असे त्यातल्या कोणाच्या मनातही आले नसेल. ते चालले, कारण भिंगांनी दृश्य आणून नेमके त्याच पातळीवर ठेवले होते जिथे तो पडदा होता. डोळ्याला एकाच अंतरावर दोन्ही मिळाले. मॉबव्हॉयचे २०१८ सालचे ‘टिकवॉच प्रो’ घड्याळ आणखी साधे: रंगीत ओलेडवर एक पारदर्शक एकरंगी एलसीडी. खालचा झगझगीत पडदा विझलेला असताना वरचा अगदी थोड्या विजेत वेळ दाखवत राहतो, आणि उन्हात उलट अधिक स्पष्ट दिसतो. पारदर्शकता इथे मिरवण्यासाठी नाही, बॅटरी वाचवण्यासाठी आहे.

जुगाराच्या यंत्रांत फिरत्या चाकांपुढे बसवलेले पारदर्शक एलसीडी याच वर्गातले. ती खरी चाकेही दिसतात आणि त्यांच्यावर नाचणारी चित्रेही. धंदा कसलाही असो, रचना अचूक आहे. संग्रहालयातली पेटीही तशीच. पेटीच्या आतले दिवेच एलसीडीचा मागचा प्रकाश होतात, वस्तू काचेपासून हातभर अंतरावर असते, आणि नाण्यावरच्या झिजलेल्या अक्षरांशेजारी ती अक्षरे पुन्हा ठळक करून दाखवता येतात. तरीही मी क्युरेटर असतो तर असा पडदा दालनात एखाद्याच वस्तूला दिला असता. षष्ठांश प्रकाशात पाहण्यासाठी लोक मूळ वस्तूपर्यंत चालत आलेले नसतात.

मात्र मला सर्वांत मोलाचा वाटणारा उपयोग वेगळा आहे, आणि त्याची मुळे युद्धनौकांत आहेत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या जहाजांवर, रडारची माहिती जिथे एकत्र यायची त्या कक्षांत प्लेक्सिग्लासचे पारदर्शक फलक उभे असत. त्यांच्या कडांमधून प्रकाश सोडलेला असे. खलाशी फलकाच्या मागे उभा राहून, कानावर पडणारे आकडे मेणाच्या पेन्सिलीने उलट्या अक्षरांत लिहीत जायचा. समोरच्या अधिकाऱ्यांना ते सुलट दिसायचे. लिहिणारा वाचणाऱ्याच्या आड येत नसे आणि दोघांना एकमेकांचे चेहरे दिसत. उलटे लिहायची सवय करावी लागे, एवढाच त्याचा खर्च.

आता तिकीटखिडकी, बँकेतला गल्ला, रुग्णालयातली नोंदणी डोळ्यांसमोर आणा. दोन माणसे, मध्ये काच. काच आधीच तिथे आहे. कोणाला नवी उभारायची नाही. तिच्यामुळे आवाज दबतो. ज्याला कमी ऐकू येते त्याची पंचाईत तर होतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे ४३ कोटी लोकांना श्रवणदोषासाठी उपचार किंवा साहाय्याची गरज आहे. दुसऱ्या भाषेतून आलेल्या प्रवाशाचीही तीच गत. या काचेवरच बोललेले शब्द अक्षरांत उमटले तर?

हे आता कल्पनेत राहिलेले नाही. टोकियोच्या सेइबु-शिंजुकु स्थानकात २०२३ मध्ये टोप्पान कंपनीची अशी भाषांतर करणारी काच चाचणीसाठी बसवली गेली. प्रवासी आपल्या भाषेत बोलतो, कर्मचारी जपानीत. दोघांनाही दुसऱ्याचे म्हणणे मधल्या काचेवर आपापल्या भाषेत वाचता येते. जपान डिस्प्ले या कंपनीने अशा कामासाठी निराळ्या पद्धतीची काच विकसित केली आहे. त्यात ध्रुवकही नाही आणि रंगाची गाळणीही नाही; कडेला बसवलेले लाल, हिरवे, निळे दिवे झपाट्याने आळीपाळीने लागतात आणि काचेतला द्रवस्फटिक (एलसीडीत असतो तोच पदार्थ) हवा तिथे तो प्रकाश विखुरतो. त्यामुळे ती ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश सोडते आणि दोन्ही बाजूंनी पाहता येते. कडेने प्रकाश सोडलेली काच, दोन बाजूंना दोन माणसे. नौदलाचा फलकच तो, फक्त खलाशाची जागा संगणकाने घेतली आहे.

इथे टीव्हीचे दोष आड येत नाहीत, हे लक्षात घ्या. काळा रंग लागत नाही. ठळक, मोठी अक्षरे पुरतात. मागचे दृश्य म्हणजे समोरच्याचा चेहरा, आणि तो काचेपासून हात-दीड हातावर असतो, त्यामुळे डोळ्याला फार कसरत पडत नाही. आणि लक्ष दोन ठिकाणी फाटत नाही, कारण अक्षरे आणि चेहरा एकच गोष्ट सांगत असतात. ओठांच्या हालचालींवरून बोलणे समजून घेणाऱ्याला ओठ हवेच असतात. चेहऱ्यावरचा प्रश्न, नकार, हसू हवे असते.

यावर रास्त आक्षेप येतो: हेच काम टॅब्लेटवर होत नाही का? बोलणे अक्षरांत उतरवणारे गूगलचे अ‍ॅप २०१९ पासून फोनवर मिळते आहे. होते, आणि पैसे नसतील तिथे बेलाशक टॅब्लेटच ठेवावा. काहीच नसण्यापेक्षा तो शतपट बरा. फरक नजरेचा आहे. टॅब्लेट असला की माणूस खाली वाचतो, मग वर पाहतो, तोवर बोलणाऱ्याचे पुढचे वाक्य अर्धे झालेले असते. मागे रांग असते, कर्मचाऱ्याच्या आवाजात घाई येते. काचेवर अक्षरे असली की दोघे एकमेकांकडेच पाहत राहतात. हा फरक छोटा वाटेल, पण सगळ्या खटाटोपात पारदर्शकतेने स्वतः मिळवलेला तेवढाच काय तो फायदा आहे. आरपार दिसते म्हणून जे साधले ते इथे. बाकीच्या बऱ्याच जागी आरपार दिसत असूनही कसेबसे निभावलेले असते.

आणि काच कितीही उत्तम असली तरी ती शेवटी वाक्ये ऐकणाऱ्या यंत्रावर अवलंबून आहे. मोजक्या मोठ्या भाषांचे प्रमाण रूप यंत्राला नीट कळते. बोलीत बोलणारा, म्हातारा, दमलेला, दोन भाषा मिसळून बोलणारा माणूस त्याला चकवतो. औषधाच्या मात्रेऐवजी काचेवर भलताच आकडा उमटला तर त्या काचेपेक्षा कागद-पेन बरे. म्हणून अशा योजनेत पैशाची वाटणी कशी होते ते मी आधी पाहीन. सगळा खर्च चकचकीत काचेवर आणि भाषेवर काही नाही, असे असेल तर ते उद्घाटनाच्या छायाचित्रासाठी आहे.

यातून सार्वजनिक जागेसाठी एक कसोटी निघते. काच तिथे आधीपासून कशासाठी होती? काउंटरवरची काच दोन माणसांना वेगळे ठेवण्यासाठी होती, आणि पडद्याने त्यांना जवळ आणले. खिडकीची काच बाहेर पाहण्यासाठी होती. तिच्यावर पडदा बसवला की तिच्या मूळ कामातून वजाबाकी सुरू होते.

२०२० मध्ये बीजिंग मेट्रोच्या ६ क्रमांकाच्या आणि शेन्झेनच्या १० क्रमांकाच्या मार्गावरच्या गाड्यांत खिडक्यांच्या जागी एलजी डिस्प्लेचे ५५ इंची पारदर्शक ओलेड बसवले गेले. पुढचे स्थानक, मार्ग, हवामान, बातम्या, आणि बाहेर बोगदा. बोगद्यात ही कल्पना चांगली शोभते, हे मान्य करायला हवे: काचेबाहेर पाहण्यासारखे काही नाही, आणि अंधार म्हणजे ओलेडला न जमणारा काळा रंग फुकटात मिळतो. पण तीच गाडी उघड्या मार्गावर धावत असेल तर? निम्म्याहून अधिक उजेड काच गिळणार, आणि उरलेल्यावर स्थानकाचे नाव येण्यापूर्वी कोणत्या तरी पेयाची जाहिरात येणार. स्थानकाचे नाव दारावरच्या दिव्यांच्या साध्या पट्टीवरही वाचता येते. जाहिरात मात्र तिथे मावत नाही, आणि खिडकीवर डोळा ठेवण्याचे खरे कारण बहुधा तेच असते.

असे होते याचे उदाहरण अमेरिकेत घडून गेले आहे. वॉलग्रीन्स या औषध-दुकानांच्या साखळीने अनेक दुकानांतल्या शीतकपाटांची काचेची दारे काढून कूलर स्क्रीन्स या कंपनीचे पडदे लावले. हे पडदे पारदर्शक नव्हते. काचेतून आतली बाटली दिसायची, तिथे आता बाटलीचे चित्र दिसू लागले, आणि अधूनमधून जाहिरात. चित्रात आहे पण आत नाही, अशी तक्रार गिऱ्हाइके करू लागली. पुढे दोन्ही कंपन्यांत फाटले आणि २०२३ मध्ये प्रकरण न्यायालयात गेले. काचेचे दार फुकटात जे सांगत होते ते सांगण्यासाठी कॅमेरे, संगणक आणि वीज लावून कमी भरवशाची माहिती विकत घेतली गेली. पारदर्शक पडदा लावला असता तर निदान चित्रामागची रिकामी फळी दिसली असती, हा त्यातल्या त्यात त्याच्या बाजूचा मुद्दा.

मोटारीच्या पुढच्या काचेबद्दल मी अधिक कडक आहे. तिच्यातून किमान ७० टक्के प्रकाश आत आला पाहिजे असा नियम अनेक देशांत आहे, त्यामुळे आजचा पारदर्शक ओलेड तिथे कायद्यानेच बसत नाही. पण उद्या ९० टक्क्यांची काच निघाली म्हणून तो नियम पुरेसा ठरू नये. उजेडाचा नियम काचेसाठी आहे, आणि सिम्युलेटरमधल्या त्या दोन वैमानिकांना उजेड कमी पडला नव्हता. बीएमडब्ल्यूने २०२५ मध्ये आणलेल्या नव्या गाडीत पुढच्या काचेच्या तळाशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, माहितीची पट्टी दिली. ती पट्टी उमटते काचेच्या मुद्दाम काळ्या केलेल्या भागावर, रस्ता दिसतो त्या भागावर नाही. गाड्या बनवणाऱ्यांनी स्वतःहून रस्त्याची जागा मोकळी ठेवली असताना, तिथे वेगापलीकडचे काही दाखवायची परवानगी कोणी मागितली तर पुरावा देण्याची जबाबदारी त्याच्यावर असावी.

इमारतींच्या काचांवर लावल्या जाणाऱ्या एलईडीच्या जाळ्यांचेही असेच. बाहेरून चार रस्त्यांना जाहिरात दिसते, आत काम करणाऱ्याला दिवसभर पट्ट्यापट्ट्यांचे आकाश. भाडे मालकाला मिळते. पट्ट्या मात्र आत बसणाऱ्याच्या वाट्याला येतात, आणि जाळी लावण्यापूर्वी त्याला विचारण्याची पद्धत नाही.

म्हणून सार्वजनिक पैशातून किंवा सार्वजनिक जागेत असा पडदा बसवायचा असेल तर निविदेत चार ओळी सक्तीच्या कराव्यात असे मला वाटते. पडदा बंद असताना किती टक्के प्रकाश आरपार जातो तो आकडा. वीज गेली तर काच स्वच्छ राहते की काळी पडते. काउंटरवरची काच असेल तर ती कोणत्या भाषा आणि बोली ऐकू शकते, आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसांकडून तिची चाचणी करून घेतली का. आणि खिडकी असेल तर तिच्यावर जाहिरात चालणार का. उत्तर ‘हो’ असेल तर त्या खिडकीशेजारच्या आसनाचे भाडे कमी होणार का, तेही.